वाशिष्ठीचे पाणी समुद्रात ओळखायचे कसे? क्षारता, ऑक्सिजन-१८ आणि रेडियम यांपैकी कशाने काय कळते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशिष्ठी नदीचे पाणी दाभोळच्या मुखातून बाहेर पडल्यावर समुद्रात किती अंतरापर्यंत आणि किती दिवस ओळखता येते, हे आपल्याला पदव्युत्तर प्रकल्पासाठी शोधायचे आहे. क्षारतामापक हाताशी आहे, मार्गदर्शकांनी समस्थानिकही (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजावेत असे सुचवले आहे, पैसे साधारण चोवीस नमुन्यांपुरते आहेत, आणि ऑक्सिजन, स्ट्रॉन्शियम व रेडियम यांतले काय निवडावे याचा उलगडा होत नाही. खाड्या आणि किनारी पाण्याचे नमुने गोळा करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. पहिली गोष्ट अशी की या एका प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय निवड होणार नाही. समोरच्या बाटलीत गोडे पाणी किती आहे, हा पहिला. ते गोडे पाणी आले कोठून, हा दुसरा. आणि ते नदीच्या मुखातून निघून किती दिवस झाले, हा तिसरा. यांतला पहिला प्रश्न समस्थानिकांचा नाहीच. तो क्षारतेचा आहे.

हे स्पष्टपणे सांगण्याचे कारण असे की समस्थानिक म्हटले की काहीतरी अधिक अचूक हाती लागणार, अशी समजूत विद्यार्थ्यांमध्ये आणि कधी कधी मार्गदर्शकांमध्येही असते. साधे गणित करून पाहू. बाहेरच्या समुद्राची क्षारता ३५.५ धरली आणि आपल्या नमुन्याची क्षारता २८.४ आली, तर गोड्या पाण्याचा वाटा २० टक्के निघतो. चांगल्या क्षारतामापकाची चूक ०.०१ च्या आसपास असते, म्हणजे या वाट्यातली अनिश्चितता एका टक्क्याच्याही कितीतरी खाली राहते. आता हाच वाटा ऑक्सिजन-१८ वरून, म्हणजे ऑक्सिजनच्या जड समस्थानिकावरून, काढायचा ठरवू. पाण्यातले त्याचे प्रमाण ठरावीक प्रमाण-समुद्रजलापेक्षा हजारात किती भागांनी अधिक किंवा उणे आहे, ते त्या पाण्याचे मूल्य. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचे मूल्य प्रमाण-समुद्रजलाच्या तुलनेत उदाहरणादाखल अधिक ०.६ दरहजारी आणि नदीच्या पाण्याचे उणे २ दरहजारी धरले, तर दोघांतले अंतर २.६ भरते. प्रयोगशाळेची चूक ०.१ दरहजारी असेल, तर गोड्या पाण्याच्या वाट्यात जवळजवळ चार टक्क्यांची अनिश्चितता येते. जे काम क्षारतामापक जागेवर, फुकट आणि कितीतरी पट नेमकेपणाने करतो, त्यासाठी बाटल्या प्रयोगशाळेत पाठवण्यात अर्थ नाही.

मग ऑक्सिजन-१८ मोजायचा कशासाठी? त्याचा उपयोग गोडे पाणी एकाहून अधिक ठिकाणांहून येते तेव्हा होतो. क्षारतेच्या लेखी सगळे गोडे पाणी सारखेच, म्हणजे शून्य. पाऊस थेट समुद्रावर पडला काय, नदीतून आला काय किंवा बर्फ वितळून आला काय, क्षारता तेवढीच उतरते. पण बाष्पीभवन आणि संघनन होताना जड ऑक्सिजन असलेले रेणू मागे राहतात किंवा आधी खाली येतात, त्यामुळे प्रत्येक पाण्याच्या अंगावर त्याच्या प्रवासाची खूण उमटलेली असते. वाफ समुद्रापासून जितकी आत जाते, जितकी उंच चढते आणि वाटेत जितका पाऊस पाडते, तितके उरलेल्या वाफेचे मूल्य उणे होत जाते.

या पद्धतीला सर्वांत मोठे यश आर्क्टिक महासागरात मिळाले. तेथे क्षारता घटवणारे दोन घटक आहेत: लेना, येनिसेई, ओब यांसारख्या सैबेरियन नद्यांचे पाणी आणि वितळलेला समुद्री बर्फ. नद्यांचे मूल्य उणे १५ ते उणे २० दरहजारीच्या परिसरात असते, तर समुद्री बर्फ समुद्राच्याच पाण्यापासून बनत असल्यामुळे त्याचे मूल्य समुद्राच्या मूल्यापासून फार दूर जात नाही. इतके मोठे अंतर असल्यामुळे क्षारता, ऑक्सिजन-१८ आणि तिन्ही वाट्यांची बेरीज एक, अशी तीन समीकरणे मांडली की समुद्राचे पाणी, नदीचे पाणी आणि बर्फाचे पाणी हे तिन्ही वाटे सुटे होतात. बंगालच्या उपसागरातही परिस्थिती बरी आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांचे पाणी किनाऱ्यापासून दूर आणि हिमालयात उंचावर पडलेल्या पावसाचे व बर्फाचे असते, त्यामुळे ते समुद्रापासून अनेक दरहजारींनी वेगळे असते आणि उपसागराच्या उत्तर भागात सहज ओळखू येते.

कोकणात मात्र ही सोय नाही, आणि आपल्या प्रकल्पाची खरी अडचण माझ्या मते येथेच आहे. सह्याद्रीचा माथा समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. अरबी समुद्रावरून आलेली वाफ किनाऱ्यावर आणि घाटावर एकाच दमात पाऊस पाडते, आणि घाटावर पडलेले पाणी एक-दोन दिवसांत परत समुद्रात येते. त्यामुळे समुद्रावर थेट पडणारा पाऊस आणि नदीतून येणारा पाऊस हे जवळजवळ जुळे भाऊ असतात. समजा नदीचे मूल्य उणे २.५ आणि समुद्रावर पडणाऱ्या पावसाचे उणे २ आहे. नमुन्यात गोडे पाणी २० टक्के आहे. ते सगळे नदीचे आहे की सगळे पावसाचे, या दोन टोकांच्या शक्यतांमुळे नमुन्याच्या मूल्यात पडणारा फरक ०.५ चा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.१ दरहजारी. प्रयोगशाळेची चूकही तेवढीच! म्हणजे जुलै महिन्यात दाभोळच्या बाहेर नदीचे पाणी आणि समुद्रावरचा पाऊस ऑक्सिजनने वेगळे करण्याचा प्रयत्न कितीही काळजीपूर्वक केला, तरी हाती काही लागणार नाही. शिवाय पाऊस स्वतः स्थिर नसतो. एकाच हंगामात, जोराच्या आणि दूरवर पसरलेल्या पावसाचे मूल्य अधिक उणे होते, तर तुरळक सरींचे कमी, त्यामुळे 'पावसाचे मूल्य' म्हणून एकच आकडा वापरणे हेही धाडसच ठरते.

एवढे वाचून ऑक्सिजन सोडून द्यावा असे वाटेल, पण वाशिष्ठीच्या बाबतीत घाई करू नये. या नदीला एक वैशिष्ट्य आहे, जे कोकणातल्या बहुतेक नद्यांना नाही: कोयनेचे अवजल. कोयना नदी कृष्णेच्या खोऱ्यातली. तिचे पाणी खरे तर पूर्वेकडे जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचे. पण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांमधून पश्चिमेकडे खाली सोडून वीज तयार केली जाते, आणि जनित्रांतून सुटलेले हे अवजल कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीत येते. पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाण्याची मर्यादा ठरलेली आहे. ती पूर्ण वापरली असे धरून वर्षभराची सरासरी काढली, तर सेकंदाला सुमारे ६० घनमीटर प्रवाह होतो. फेब्रुवारी ते मे या काळात कोकणातल्या नद्यांना डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याखेरीज फारसा आधार नसतो. अशा वेळी वाशिष्ठीच्या खाडीत येणाऱ्या गोड्या पाण्याचा मोठा भाग दुसऱ्याच खोऱ्यातल्या जलाशयाचा असणार.

आणि जलाशयाचे पाणी ऑक्सिजनच्या दृष्टीने वेगळे असते. पावसाळ्यात भरलेले पाणी पुढे आठ महिने उन्हात आणि वाऱ्यात राहते. हलके रेणू अधिक प्रमाणात उडून जातात आणि उरलेले पाणी जड होत जाते. येथे ऑक्सिजनबरोबर ड्युटेरियमही (हायड्रोजनचा जड समस्थानिक) मोजावे, कारण दोघांच्या जोडीतून एक जास्तीची खूण मिळते. पावसाचे पाणी जगभर साधारण एका रेषेवर बसते: ड्युटेरियमचे मूल्य म्हणजे ऑक्सिजन-१८ च्या मूल्याची आठपट अधिक दहा. हे नाते हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये मांडले. उघड्यावर बाष्पीभवन झालेले पाणी या रेषेखाली उतरते. ड्युटेरियमच्या मूल्यातून ऑक्सिजनची आठपट वजा केल्यावर उरणाऱ्या आकड्याला ड्युटेरियम-आधिक्य म्हणतात. ताज्या पावसाचे ते दहाच्या आसपास असते आणि साठलेल्या, वाफ झालेल्या पाण्याचे त्याहून कमी. म्हणून एप्रिलमध्ये खाडीत दिसणारे गोडे पाणी जलाशयाचे आहे की जमिनीतून झिरपलेले, हा प्रश्न ऑक्सिजन-ड्युटेरियमच्या जोडीला विचारता येतो. पावसाळ्यात निरुपयोगी ठरलेली पद्धत उन्हाळ्यात कामाची ठरते ती अशी. फक्त आधिक्याच्या आकड्यातली चूक लक्षात ठेवावी: ड्युटेरियमची चूक १ आणि ऑक्सिजनची ०.१ असेल, तर आधिक्यात सव्वाच्या पुढची चूक येते. एक-दीड एककाच्या फरकावरून निष्कर्ष काढू नयेत.

(जाता जाता: मुळशीचे पाणी भिऱ्याला कुंडलिकेत, तर लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी खोपोलीला पाताळगंगेत उतरते. रेवदंड्याच्या किंवा धरमतरच्या खाडीवर काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.)

आता ही खूण वाचायची कशी ते सांगतो. प्रत्येक नमुन्याची क्षारता आडव्या अक्षावर आणि ऑक्सिजन-१८ उभ्या अक्षावर मांडावा. मिसळण दोनच पाण्यांची असेल, तर बिंदू सरळ रेषेत येतात. ती रेषा क्षारता शून्यापर्यंत मागे वाढवली की जेथे उभ्या अक्षाला छेदते, ते त्या खाडीत त्या काळी आलेल्या सरासरी गोड्या पाण्याचे मूल्य. आपल्या प्रकल्पाचा गाभा मी या छेदबिंदूला मानेन. सप्टेंबरचा छेदबिंदू आणि एप्रिलचा छेदबिंदू वेगळे आले, आणि एप्रिलचा बिंदू कोळकेवाडीच्या अवजलाजवळ बसला, तर आपण नदीच्या पाण्याचा नुसता वाटा नव्हे, तर त्याचे मूळ दाखवले असे होईल.

यात तीन खाचखळगे आहेत. छेदबिंदू विश्वासार्ह यायला कमी क्षारतेचे बिंदू लागतात. २८ ते ३५ क्षारतेच्या पट्ट्यातले आठ नमुने घेऊन रेषा शून्यापर्यंत ताणली, तर एका बिंदूतली छोटी चूक टोकाला कितीतरी पट होऊन बसते. दुसरा खळगा असा की रेषा सरळ यायची तर दोन्ही टोके, म्हणजे नदी आणि समुद्र, खाडी धुऊन निघायला लागणाऱ्या काळात स्थिर असली पाहिजेत. वीजनिर्मिती मागणीप्रमाणे चढउतार करते, त्यामुळे अवजल एकसारखे येत नाही. पावसाळ्यात तर नदीचे पाणी दर दोन दिवसांनी बदलते. अशा वेळी बिंदू वक्र रेषेत आले, तर लगेच एखादा गूढ तिसरा स्रोत शोधू नये. तिसरा खळगा म्हणजे खेडकडून येणारी जगबुडी. ती मुख्य नदीच्या टोकाला न मिळता पुढे खाडीला मिळते, त्यामुळे तिचे मूल्य वेगळे असेल तर संगमाच्या खाली रेषेचा उतार बदललेला दिसू शकतो.

म्हणून नमुने अंतरावर ठरवू नयेत, क्षारतेवर ठरवावेत. 'दर पाच किलोमीटरला एक' असा आराखडा नकाशावर देखणा दिसतो, पण उन्हाळ्यात त्यातले निम्मे नमुने एकाच क्षारतेचे निघतात. होडीत क्षारतामापक चालू ठेवावा आणि क्षारता साधारण ०, २, ५, १०, १५, २०, २७, ३४ असेल तेथे बाटली भरावी. चिपळूणजवळ गोवळकोटपासून खाली अंजनवेल-दाभोळच्या मुखापर्यंत एका ओहोटीत जाता आले तर उत्तम. भरतीची अवस्था सगळ्या फेरीत एकसारखी असावी, आणि उधाण (मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस) की भांग (लहान भरती-ओहोटीचे दिवस) हे दोन्ही हंगामांत सारखेच निवडावे. उधाणाच्या सप्टेंबरची तुलना भांगाच्या एप्रिलशी केली तर फरक ऋतूचा की चंद्राचा हे सांगता येत नाही.

बाटलीविषयी दोन शब्द, कारण सर्वांत जास्त नमुने येथेच वाया जातात. ऑक्सिजन-ड्युटेरियमसाठी ३० ते ६० मिलीलिटरची जाड प्लास्टिकची किंवा काचेची घट्ट झाकणाची बाटली पुरते. ती काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा ठेवू नये, आम्ल किंवा इतर काही घालू नये, झाकणावर चिकटपट्टी गुंडाळावी आणि सावलीत ठेवावी. एक टक्का पाणी जरी उडाले तरी मूल्य ०.१ दरहजारीच्या आसपास सरकते, आणि तेवढ्यात आपला सगळा निष्कर्ष बुडतो. माझ्या सुरुवातीच्या एका कामात एका खाडीचे अर्धे नमुने 'बाष्पीभवन झालेले' निघाले आणि आम्ही त्यावर चांगले दोन महिने तर्क लढवले. बाष्पीभवन खाडीत झालेच नव्हते, ते सैल झाकणांखाली गाडीच्या डिकीत झाले होते. तेव्हापासून मी क्षारता जागेवर एकदा आणि विश्लेषणाच्या आधी त्याच बाटलीतून पुन्हा एकदा मोजतो. दोन्हींत फरक आला तर बाटली बाद. प्रयोगशाळेला पाणी खारे आहे हेही आधी कळवावे. लेझरवर चालणाऱ्या यंत्रात बाष्पीभवनकक्षात मीठ साचते आणि पुढचे मोजमाप बिघडते. त्यांना त्याची तयारी ठेवावी लागते. कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधून वस्तुमानमापकावर ऑक्सिजन मोजण्याच्या जुन्या पद्धतीत मिठाचा त्रास कमी. आणि मत्स्यशेतीत वापरतात तो थेंबाचा अपवर्तनमापक क्षारतेसाठी वापरू नये. त्यातली एक एककाची चूक या कामाला परवडत नाही.

आता आपला तिसरा प्रश्न, किती दिवस. त्याचे उत्तर ना क्षारता देते ना ऑक्सिजन, कारण या दोन्हींना घड्याळ नाही. घड्याळ लागते किरणोत्सारी मूलद्रव्याचे, आणि निसर्गाने त्यासाठी रेडियमचे चार समस्थानिक दिले आहेत. त्यांची अर्धायुष्ये, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, अशी: रेडियम-२२४ चे ३.६६ दिवस, रेडियम-२२३ चे ११.४ दिवस, रेडियम-२२८ चे ५.७५ वर्षे आणि रेडियम-२२६ चे सुमारे १६०० वर्षे. नदीच्या पाण्यात रेडियम बहुतांश चिकणमातीच्या कणांना चिकटलेले असते. खारे पाणी लागले की सोडियम, मॅग्नेशियम वगैरेंचे आयन त्याला कणावरून हुसकावून लावतात आणि ते विरघळून पाण्याबरोबर चालू लागते. त्यामुळे रेडियमचे घड्याळ नदी डोंगरातून निघाली तेव्हा नव्हे, तर गोडे पाणी खाऱ्याला भेटले तेव्हा सुरू होते. आपल्याला मुखापासून पुढचे दिवस हवे असल्याने हे सोयीचेच आहे, पण निकाल लिहिताना 'नदीच्या पाण्याचे वय' असा शब्दप्रयोग टाळावा; 'खाडी सोडून झालेला काळ' म्हणावे.

अल्पायुषी जोडी वापरण्याची युक्ती अशी. बाहेरच्या समुद्रात २२३ आणि २२४ दोन्ही जवळजवळ नसतात, त्यामुळे समुद्राचे पाणी मिसळून दोघांचे प्रमाण सारख्याच पटीने पातळ होते आणि त्यांचे गुणोत्तर मिसळण्याने बदलत नाही. ते बदलते केवळ काळाने. २२४ भराभर संपते, २२३ सावकाश. दोघांच्या क्षयस्थिरांकांतला (संपण्याच्या दरांतला) फरक दिवसाला ०.१२९ येतो, म्हणजे गुणोत्तर दर ५.४ दिवसांनी निम्मे होते. मुखाशी गुणोत्तर २० होते आणि बाहेर एका ठिकाणी ८ आले, तर २.५ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.९१६, त्याला ०.१२९ ने भागले की ७.१ दिवस. इतके सोपे गणित असल्यामुळेच या पद्धतीचा मोह पडतो.

मोह आवरायला मात्र कारणे आहेत. मुखाशी गुणोत्तर तेवढेच कायम राहते आणि बाहेर पडल्यावर नवे रेडियम कोठून मिळत नाही, या दोन गृहीतकांवर सगळे उभे आहे. उथळ किनाऱ्यावर तळाचा गाळ सतत नवे रेडियम-२२४ सोडत असतो. नदीचे गोडसर पाणी पावसाळ्यात थर करून वर तरंगते तेव्हा त्याचा तळाशी संबंध तुटतो आणि घड्याळ ठीक चालते; एप्रिलमध्ये वरपासून खालपर्यंत पाणी एकजीव झालेले असते तेव्हा तळ सारखी चावी देत राहतो आणि पाणी आहे त्यापेक्षा ताजे दिसते. कांदळवनाचा चिखल आणि पुळणीखालून समुद्रात झिरपणारे भूजल हेही रेडियमचे तगडे स्रोत आहेत. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर विलार्ड मूर यांनी १९९६ मध्ये रेडियम-२२६ च्या आधाराने दाखवले की तेथे भूजलाचा ओघ नद्यांच्या ओघाच्या सुमारे ४० टक्के भरतो. रेडियम नदीचेच असेल असे गृहीत धरणाऱ्या सगळ्यांना त्या कामाने जागे केले.

कोकणात आणखी एक पेच आहे. रेडियम-२२४ हे थोरियमच्या मालिकेतून येते, आणि आपल्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, थोरियम ग्रॅनाइटच्या मानाने कितीतरी कमी असते. रेडियम-२२३ तर युरेनियम-२३५ पासून येते आणि नैसर्गिक युरेनियमात त्याचा हिस्सा ०.७२ टक्के, त्यामुळे ते सगळीकडेच कंजूष. मोजणीत २२३ ची चूक २० टक्के असेल, तर वयात दीड दिवसाहून अधिक अनिश्चितता येते. ती कमी करायची तर पाणी जास्त घ्यावे लागते: दर ठिकाणी निदान १०० लिटर, बाहेरच्या बाजूला २०० किंवा अधिक. ते गाळून मँगनीज डायऑक्साइडचा लेप दिलेल्या काळ्या ॲक्रिलिक तंतूंमधून मिनिटाला एक लिटरच्या आसपासच्या संथ गतीने सोडावे लागते. तंतू गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे, ओलावा बेताचा ठेवावा, आणि ३.६६ दिवसांचे घड्याळ चालू आहे हे ध्यानात ठेवून दोन-तीन दिवसांत मोजणीयंत्रापर्यंत पोहोचवावेत. तेच तंतू आठवड्याभराने २२३ साठी आणि सुमारे महिन्याने, तंतूंवर नवे रेडियम-२२४ तयार करणाऱ्या थोरियम-२२८ ची वजावट करण्यासाठी, पुन्हा मोजावे लागतात. हे यंत्र देशात मोजक्याच ठिकाणी आहे. त्यांच्याकडे महिनाभराचा वेळ राखून मिळाला तरच रेडियमच्या मागे लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि शेवटी होडीचा प्रश्न. रेडियमला सर्वांत अनुकूल काळ जुलै, आणि नेमकी १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. नसती तरी त्या दर्यात छोटी होडी काढू नये. व्यवहार्य मार्ग असा की नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, उघडीप पाहून, भांगाच्या दिवसांत बाहेर जावे. तोवर नदीला पाणीही असते आणि थरही टिकून असतो. मुखावरचे नमुने मात्र भर पावसाळ्यातही दाभोळ-धोपावे फेरीबोटीवरून घेता येतात.

स्ट्रॉन्शियमचे आपण विचारले आहे म्हणून सांगतो, पण येथे ते निवडू नये. समुद्रात स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर सर्वत्र ०.७०९२ असते आणि खडकाप्रमाणे नदीचे बदलते; गंगेचे ०.७२ च्याही पुढे जाते. अडचण प्रमाणाची आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम असते. नदीत ०.१ मिलिग्रॅम धरले, तर केवळ पाच टक्के समुद्राचे पाणी मिसळताच त्यातले चार-पंचमांश स्ट्रॉन्शियम समुद्राचे होते. क्षारता दोनलाही पोहोचलेली नसते आणि नदीची खूण पुसत आलेली असते. शिवाय कोयनेचे खोरे आणि वाशिष्ठीचे खोरे दोन्ही दख्खनच्या बेसाल्टवर आहेत, त्यामुळे ज्या दोन पाण्यांत भेद करायचा, तोच होण्याची आशा कमी. गोव्यात मांडवी-जुवारीवर काम असते तर खडक अतिप्राचीन आणि वेगळे असल्याने विचार करता आला असता, तोही वरच्या गोडसर पट्ट्यापुरताच.

तर सारांशाने: 'किती' याला क्षारता, 'कोणाचे' याला उन्हाळ्यात ऑक्सिजन-ड्युटेरियम, 'किती दिवस' याला पावसाळ्याच्या शेवटी रेडियम, तेही सोय असेल तरच. सोय नसेल तर खाडीतल्या एकूण गोड्या पाण्याचे घनफळ क्षारतेवरून काढून त्याला नदीच्या प्रवाहाने भागावे. मिळणारा खाडी धुऊन निघण्याचा काळ ढोबळ असतो, पण प्रकल्पात तो प्रामाणिकपणे मांडला तर कोणी नाव ठेवणार नाही. रेडियम मिळालेच तर हाच आकडा त्याच्याशी ताडून पाहायला उपयोगी पडतो.

चोवीस बाटल्यांची वाटणी मी अशी करेन. आठ सप्टेंबरच्या रेषेसाठी आणि आठ एप्रिलच्या रेषेसाठी, वर दिलेल्या क्षारतांवर. सहा मूळ पाण्यांसाठी: सप्टेंबरमध्ये चिपळूणच्या वरची वाशिष्ठी, खेडजवळची जगबुडी आणि निदान दोन आठवड्यांचा एकत्र केलेला पाऊस, एप्रिलमध्ये कोळकेवाडीखालचे अवजल, अवजल मिळते त्याच्या वरच्या बाजूची वाशिष्ठी, आणि पुन्हा जगबुडी. उरलेल्या दोन बाटल्या त्याच ठिकाणचे जुळे नमुने म्हणून, प्रयोगशाळेला न सांगता वेगळ्या क्रमांकाने द्याव्यात. आपली खरी चूक किती ते त्या दोनच सांगतात. पाऊस गोळा करताना भांड्यात थोडे वैद्यकीय पॅराफिन तेल घालावे, म्हणजे साठलेले पाणी उडत नाही, आणि बाटली भरताना नळी तेलाच्या थराखालून घालावी. मूळ पाण्यांच्या या सहा बाटल्यांना काट मारण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याऐवजी प्रत्येक रेषेतला ३४ च्या अलीकडचा एकेक बिंदू कमी करावा. नदीचे आणि अवजलाचे मूल्य मोजलेले नसेल, तर एप्रिलच्या छेदबिंदूची तुलना करायला आपल्या हाती काहीच उरत नाही.

एप्रिलच्या फेरीची तारीख ठरवताना आधीच्या चार-पाच दिवसांत वीजगृहातून किती पाणी सुटले याची नोंद मिळवून ठेवावी. ती वहीत नसेल तर वक्र आलेल्या रेषेचा अर्थ नंतर लावता येत नाही.